मरणाच्या जवळ काम करणाऱ्यांनी आपलं दुःख ठेवायचं कुठे?

निशिगंध

आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बरीच वर्षं झाली, त्यामुळे मृत्यू नवा नाही. धागा काढतेय तो त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

पेशंट जातो. डॉक्टर वेळ सांगतात, मी लिहिते. व्हेंटिलेटर बंद, अलार्म बंद. नळ्या, सलाइन, कॅथेटर काढायचं, तोंड पुसायचं, डोळे मिटलेले राहतील असं बघायचं, मनगटावरची पट्टी तपासायची, चादर नीट करायची, मग नातेवाइकांना आत बोलवायचं. हे सगळं मी मन लावून करते, उरकत नाही. पण मध्येच फोन वाजतो, "सिस्टर, सात नंबर रिकामा झाला का?" खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी त्या बेडसाठी खोळंबलेलं असतं आणि त्याला तो खरोखरच हवा असतो, म्हणून रागही धरता येत नाही. गादी पुसायची, मॉनिटरच्या वायरी बदलायच्या, फळ्यावरचं नाव पुसून नवं लिहायचं. नव्या पेशंटची बायको विचारते, "बरे होतील ना हो?" तिच्याशी पुन्हा पहिल्यापासून, ताज्या मनाने बोलायचं.

हल्ली मला वॉर्डात रडू येत नाही. घरी मात्र कुठल्याशा जाहिरातीने डोळे भरतात, आणि रात्री मुलीच्या खोलीत जाऊन तिचा श्वास नीट चाललाय ना हे बघितल्याशिवाय झोप लागत नाही. सिनियर म्हणतात, "सवय होईल, जास्त गुंतू नकोस." पण गुंतायचंच नाही तर तोंडात नळी असलेला माणूस डोळ्यांनी काय सांगतोय हे मला कळणार कसं?

मृत्यूच्या आसपास काम करणारे इथे बरेच जण असतील. हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स, शवागार, समुपदेशन, काहीही. तुम्ही हे कसं निभावता? ध्यान, व्यायाम, छंद याबद्दल खूप वाचलंय आणि ते खोटं नाही, पण ते घरी पोहोचल्यावरचं झालं. मला कामाच्या जागेवरचं विचारायचंय.

रातकिडा

वाचतोय. सांगण्यासारखं काही नाही माझ्याकडे, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

कवडसा

निशिगंध, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शाखेत, डॉक्टर आहे. आमच्याकडचे बहुतेक पेशंट पूर्ण बरे होणार नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी आमच्यापेक्षा आयसीयूतल्या नर्सेस जास्त खचलेल्या दिसतात, आणि त्याचं कारण मृत्यूंच्या संख्येत नाही. आमच्याकडे मृत्यूबद्दल आधी बोलणं झालेलं असतं. तुमच्याकडे तो शेवटच्या क्षणापर्यंत हार म्हणून येतो आणि हरल्यावर बोलायला कुणी थांबत नाही.

तीन गोष्टी एकात एक मिसळतात, त्या वेगळ्या काढल्या तर मदत कुठे शोधायची ते कळतं. पहिली बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: पार गळून जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून आलेली अवस्था म्हटलंय. म्हणजे दोष त्या माणसाच्या मनात शोधण्याआधी ड्युटीच्या तक्त्यात शोधायचा.

दुसरी, दुसऱ्याचं दुःख सोसून सोसून येणारा थकवा. चार्ल्स फिगली यांनी 1995 च्या सुमारास त्यावर विस्ताराने लिहिलं. हा माणूस कामचुकार नसतो, उलट जिवाला लावून घेणारा असतो.

तिसरी गोष्ट अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सेसच्या कामाबद्दल लिहिताना मांडली. काय करणं योग्य आहे हे कळतंय, पण व्यवस्था ते करू देत नाही, अशा वेळी होणारी तगमग. तुमच्या पोस्टमधला तो फोन वाचला आणि मला हीच दिसली. ज्याच्या बरगड्या दाबताना तुटतायत, ज्याला त्याचा उपयोग नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्याची छाती दाबत राहायची, कारण थांबण्याचा निर्णय वेळेत कुणी घेतला नाही. यातून जे साठतं ते विश्रांतीने जात नाही. त्याबद्दल वॉर्डात, ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्यासमोर बोलावं लागतं.

मुलीचा श्वास बघण्याबद्दल: हे मी कितीतरी सहकाऱ्यांकडून ऐकलंय. पण झोप रोजच उडत असेल, ड्युटीवर जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, किंवा सुट्टीतही मनाचा बधिरपणा हटत नसेल, तर मात्र थांबू नका, तज्ज्ञाला भेटा.

मुसाफिर

मी ॲम्ब्युलन्स चालवतो. डॉक्टरांसारखं मला मांडता येणार नाही, जे आहे ते लिहितो.

लोकांना वाटतं आम्हाला रक्ताचं काही वाटत नाही. रक्ताचं खरंच वाटत नाही, गाडी धुतली की ते संपतं. न संपणारी गोष्ट दुसरीच. मागे पेशंटजवळ आमचा टेक्निशियन असतो. नातेवाईक माझ्या शेजारी पुढे बसतो. मागे सगळं संपलं की टेक्निशियन काचेवर टकटक करून मान हलवतो. मग सायरन लावून जीव धोक्यात घालून पळवायची गरज राहत नाही. पण वेग कमी केला की शेजारच्याला कळतं. तो काही बोलत नाही, रस्त्याकडे बघत असतो, नुसतं "भाऊ, गाडी का हळू केली?" एवढंच विचारतो. कधी तेही विचारत नाही.

डॉक्टरांनी सांगायची गोष्ट माझ्या पायाने, ब्रेकवरून, आधीच सांगून झालेली असते. मला ती सांगायचा अधिकार नाही, मृत्यू जाहीर करणं माझं काम नाही. आणि रस्त्यावर इतरांचे जीव आहेत, म्हणून उगाच पळवताही येत नाही.

माझ्या घरी मी हे आजवर सांगितलेलं नाही. इथे लिहिलं.

निशिगंध

मुसाफिर दादा, तुम्ही आणलेल्या पेशंटसाठी तुमची सही घेऊन आम्ही तुम्हाला स्ट्रेचर परत देतो. त्यापलीकडे तुमच्याशी कधी कुणी बोलतं का, असा विचारच मनात आला नव्हता.

जुनाजाणता

मी निवृत्त शल्यचिकित्सक आहे. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

टेबलावर पेशंट उघडा असताना सर्जनचा हात थरथरून चालत नाही. आधीच्या केसमध्ये पेशंट दगावला असला तरी पुढच्या पेशंटचा त्यात काय दोष? त्याला माझं पूर्ण लक्ष मिळालंच पाहिजे. आमच्या गुरूंनी आम्हाला अलिप्त राहायला शिकवलं आणि त्या शिकवणीनेच मी इतकी वर्षं काम करू शकलो. प्रत्येक मृत्यूवर बसून बोलायचं ठरवलं तर काम कोण करणार? हल्ली नव्या मुलांना भावनांबद्दल इतकं बोलायला लावतात की ती अधिकच हळवी होतात, असं माझं प्रामाणिक निरीक्षण आहे. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी दुसरी शाखा निवडण्यात कमीपणा नाही.

दोन_तीर

जुनाजाणता सर, तुमच्याकडे निदान टेबल होतं, हातात काम होतं. माझ्याकडे फक्त तोंड आहे.

मी हॉस्पिटलमध्ये दुभाषी आहे. पेशंटला डॉक्टरांची भाषा येत नाही, डॉक्टरांना पेशंटची येत नाही, मध्ये मी. आमचा नियम असा की जो बोलतो त्याच्याच पुरुषात बोलायचं. "डॉक्टर म्हणतायत की" असं नाही. डॉक्टर म्हणाले, "मला वाईट वाटतं, आता उपचारांचा उपयोग होणार नाही," तर मीही "मला वाईट वाटतं" असंच म्हणायचं. पेशंट म्हणाली, "माझी मुलं लहान आहेत, मला मरायचं नाही," की ते माझ्या आवाजात, माझ्या तोंडून, मी डॉक्टरांना सांगायचं. "मला मरायचं नाही." त्यात माझ्याकडून काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. तिने माझा हात धरला तर काय करायचं, याबद्दल कुठल्याही प्रशिक्षणात फार बोललं जात नाही.

अशी भेट संपली की डॉक्टर आणि नर्स बाहेर दोन मिनिटं आपसात बोलतात. मी रजिस्टरवर सही करून दुसऱ्या मजल्यावर जाते, तिथे कुणाला तरी प्लास्टर काढल्यानंतरचे व्यायाम समजावायचे असतात. गोपनीयतेमुळे घरीही बोलता येत नाही. ती बाई पुढे किती दिवस जगली हे मला कधीच कळत नाही. आणि मी कोण तिची? कुणीच नाही. तरी तिचं वाक्य मी उच्चारलंय.

धुकं

शेवट न कळणं. दोन_तीर, अगदी हेच लिहायला आले होते.

मी इमर्जन्सी कॉल सेंटरला असते. पलीकडे कुणीतरी ओरडत असतं, "श्वास घेत नाहीयेत." मी सांगते, फोन स्पीकरवर ठेवा, त्यांना पाठीवर सपाट झोपवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात वर, जोरात दाबा, किमान पाच सेंटिमीटर. मिनिटाला 100 ते 120 हा वेग सांभाळावा लागतो, म्हणून मी त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. दमलात तर सांगा, पण थांबू नका. पलीकडून धापा, रडणं, मागे लहान मूल. मग दार उघडल्याचा आवाज येतो, आमची माणसं पोहोचतात आणि फोन कट होतो.

कट. इतकंच. वाचला का, माहीत नाही. पुढचा कॉल कुणाच्या तरी हरवलेल्या चावीचा असू शकतो, आणि तोही नम्रपणे घ्यायचा.

आमच्याकडे एक बदल झाला. विचारलं तर त्या कॉलचं पुढे काय झालं हे सुपरवायझर शोधून सांगतात. जबरदस्ती नाही, ज्याला हवं त्यानेच विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर वाईटच येतं. पण वाईट उत्तर कळल्यावर मी निदान त्या माणसासाठी वाईट वाटून घेऊ शकते. न कळलेला कॉल मनात चालूच राहतो, आणि मोजणंही.

अबोली

+१. मी जनावरांची डॉक्टर आहे. आमच्याकडे तर मृत्यू आम्हीच देतो, मालकाच्या संमतीने, वेदना थांबवण्यासाठी. इंजेक्शन देताना मालक जनावराच्या कानात काय बोलतात ते सगळं ऐकू येतं. आणि बाहेरचं जग म्हणतं, "जनावरच तर होतं." मालकालाही म्हणतं, मलाही.

पाऊलवाट

समुपदेशक आहे, शोकात असलेल्या लोकांबरोबर काम करते. धागा सुरुवातीपासून वाचला.

दोन_तीर यांचं "मी कोण तिची?" आणि अबोली यांचं "जनावरच तर होतं" हे एकाच जागी येऊन मिळतं. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही. नातं मान्य नाही, किंवा गेलेलं मान्य नाही, किंवा दुःख करणारा मान्य नाही. आपण सगळे तिसऱ्यात मोडतो. आई गेली तर रजा मिळते, चार माणसं घरी येतात, कुणी खांद्यावर हात ठेवतं. सतरा दिवस जिची ड्रेसिंग्ज केली ती पेशंट गेली तर नर्सला काय मिळतं? हँडओव्हर, पुढच्या पाळीला काम सोपवणं. दुःख असतंच, ते व्यक्त करण्याचा हक्क नसतो. मला वाटतं निशिगंध ताईंना वॉर्डात न येणारं रडू जाहिरातीत येतं ते यामुळेच, तिथे कुणी अडवत नाही.

जुनाजाणता सर, तुमचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. टेबलापाशी भावना बाजूला ठेवाव्याच लागतात. पण तात्पुरतं बाजूला ठेवणं आणि आयुष्यभर अलिप्त राहणं यात खूप फरक आहे. यावर टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांचं संशोधन आहे. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवण्याचा सराव लोकांकडून करून घेतला तेव्हा त्यांना स्वतःलाच जास्त क्लेश व्हायला लागले. त्यांनाच पुढे करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं या भावनेचा सराव दिला तेव्हा चांगल्या भावना वाढल्या, आणि मेंदूतही वेगळ्या भागांत हालचाल दिसली. थोडक्यात, समोरच्याच्या वेदनेत बुडून जाणं थकवतं, तिच्या शेजारी बसणं तितकं थकवत नाही. निशिगंध ताई डोळ्यांची भाषा वाचतात ते दुसऱ्या प्रकारचं आहे. ते सोडायला सांगणं म्हणजे त्यांना टिकवून धरणारी गोष्टच काढून घेणं.

बोलल्याने माणसं हळवी होतात, यात मात्र सरांच्या निरीक्षणाला थोडा आधार आहे. मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून काय काय घडलं ते तपशिलात बोलायला लावायची पद्धत 1980 च्या दशकात जेफ्री मिचेल यांच्यामुळे रूढ झाली. नंतर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसलं की एकाच बैठकीत, मुख्यतः एकेकट्या माणसाशी बोलून उरकलेल्या डीब्रीफिंगने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना त्रासच होऊ शकतो. तेव्हा सक्तीने बोलायला लावणं नको. बोलायची जागा असणं हवं. ज्याला यायचं त्याने यावं.

रानफूल

मी शवागारात काम करतो. पोस्टमॉर्टेमला डॉक्टरांच्या हाताखाली असतो. इथे लिहू का नको असं चाललं होतं, अबोलीताईंचं वाचून लिहितोय.

मी कुठे काम करतो हे कळलं की लोक दोन पावलं मागे सरतात. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर बायको "हॉस्पिटल कर्मचारी" लिहिते. आमच्याबद्दल एक तर किळस असते नाहीतर "तुम्हाला भीती नाही वाटत का?" हा प्रश्न. भीती नाही वाटत. मेलेला माणूस कुणाचं काही वाईट करत नाही.

जड जातं ते ओळख पटवायला आलेल्यांचं. त्यासाठी आधी मी माझ्याकडून जे होईल ते करतो. केस विंचरतो. चेहऱ्यावरचं वाळलेलं रक्त ओल्या कापसाने काढतो, घाईने घासत नाही. टाके दिसणार नाहीत अशी चादर गळ्यापर्यंत घेतो. एक हात बरा असेल तर तो चादरीबाहेर ठेवतो, कारण बऱ्याच लोकांना चेहऱ्याला हात लावायचा धीर होत नाही, हात मात्र धरायचा असतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या आधीचे काका करायचे, ते बघून.

निशिगंध

रानफूल दादा, आमच्या वॉर्डातून खाली गेलेल्या माणसाचं पुढे असं कुणी करतं हे कळून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. चादर ओढून बॉडी ट्रॉलीवर गेली की आमच्यासाठी दार बंद होतं.

वळचण

माझा या कामाशी संबंध नाही. मी त्या बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांपैकी आहे. माझे बाबा आयसीयूत गेले.

मला आत बोलावलं तेव्हा सिस्टर त्यांचं तोंड पुसत होत्या आणि त्यांच्याशी बोलत होत्या. "काका, जरा मान वळवते हं." बाबा गेलेले होते. मला वाटलं त्यांना माहीत नसावं, म्हणून मी सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "हो, माहीत आहे. पण रोज सांगूनच करत होते, आज न सांगता कसं करू?" त्यांचं नाव मला माहीत नाही, चेहराही मास्कमागे होता. त्यानंतर किती डॉक्टरांनी काय काय समजावलं त्यातलं काही आठवत नाही.

एक विचारायचंय. मला त्यांना पत्र लिहावंसं वाटतं. पण तुमचं सगळं वाचून वाटायला लागलं की आधीच इतकं साठलेलं असताना आपलं आणखी कशाला टाका. लिहावं का?

कवडसा

वळचण, लिहा. नाव नसलं तरी चालेल, तारीख आणि बेड नंबर घालून वॉर्डच्या इन्चार्जच्या नावाने पाठवा. आम्हाला तक्रारी लेखी येतात. आभार बहुधा तोंडी, घाईत, लिफ्टच्या दारात येतात आणि ज्याचे असतात त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. असं पत्र ओझं होत नाही.

आणि त्यात ते वाक्य जसंच्या तसं लिहा. "छान काळजी घेतली" असं लिहिलंत तर कुणालाही लागू होतं. "आज न सांगता कसं करू" हे त्यांचंच आहे.

चांदणचुरा

माझे मिस्टर भूलतज्ज्ञ आहेत. घरी आले की कधी कधी नुसते बसून राहतात. मी विचारते, "कसा गेला दिवस?" उत्तर, "ठीक." मुलांनाही कळतं की आज काहीतरी झालंय. मी काय करावं?

धुकं

चांदणचुरा, माझ्या घरचं सांगते. "कसा गेला दिवस" याला खरं उत्तर द्यायचं तर मला सगळा दिवस पुन्हा उघडावा लागतो, म्हणून मी "ठीक" म्हणते. माझा भाऊ आता सरळ विचारतो, "आज कुणी गेलं का?" मी हो म्हणते. कधी पुढे बोलते, बऱ्याचदा नाही. पण त्याला माहीत आहे हे मला माहीत असतं, आणि मग त्याच्याशी क्रिकेटबद्दल बोलायलाही अपराधी वाटत नाही.

पाऊलवाट

धुकं यांच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. आणि क्रिकेटबद्दलचं विशेष. शोक म्हणजे सतत दुःखाकडे तोंड करून बसणं नव्हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलं की माणूस गमावलेल्याकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने वळत राहतो, आणि हे जा-ये करणंच निरोगी आहे. ड्युटी संपल्यावर हसलो तर तो पेशंटचा अपमान नाही.

जाता जाता, कारण हे मला फार सलतं: शोकाचे "पाच टप्पे" लोकांवर लादू नका. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हतं. तरी कर्मचारी नातेवाइकांना सांगतात, "तुम्ही सध्या रागाच्या टप्प्यात आहात." त्या माणसाला राग आलाय कारण त्याला चार तास कुणी काही सांगितलं नाही! ते आधी बघा.

जुनाजाणता

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. पाऊलवाट यांनी केलेला फरक मला पटतो. मात्र प्रत्यक्ष कामाच्या जागी, पुढचा पेशंट दारात असताना, हे कसं बसवायचं याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. धागाकर्तीचा मूळ प्रश्न तोच होता.

कवडसा

सर, बरोबर. तर दोन ठोस गोष्टी.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी पद्धत सुरू केली. इमर्जन्सीत पेशंट गेला की लगेच हातमोजे काढून पळायचं नाही. कुणीही एक जण म्हणतो, जरा थांबू या. हा जो माणूस गेला तो कुणाचा तरी कुणीतरी होता, आणि आपण सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रयत्न केले. मग साधारण मिनिटभर सगळे गप्प. प्रार्थना नाही, भाषण नाही. ज्याला जे मनात आणायचं ते आणावं. सफाई कामगारापासून सिनियर डॉक्टरपर्यंत खोलीत असलेले सगळे त्यात. पुढे इतर अनेक ठिकाणी हे सुरू झालं. आम्ही आमच्या वॉर्डात करतो. एका मिनिटाने पुढच्या पेशंटचं नुकसान झाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट पुढच्या खोलीत जाणारे हात जास्त स्थिर असतात, असं माझं मत आहे.

दुसरी श्वार्ट्झ राउंड. केनेथ श्वार्ट्झ हे बॉस्टनचे वकील, फुप्फुसाच्या कर्करोगाने 1995 साली गेले. आजारपणात त्यांना जाणवलं की कर्मचाऱ्यांच्या माणुसकीच्या लहान लहान कृतींनी न सोसणारं सोसण्याजोगं होतं, आणि त्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. या राउंडमध्ये केसची चिकित्सा होत नाही. कुणाचं काय चुकलं हे नाही, उपाय काढायचे नाहीत. दोन-तीन जण एखादा प्रसंग आपल्याला कसा लागला ते सांगतात, मग बाकीचे. सगळ्यांना बोलावतात, कारकून, वॉर्डबॉय, डॉक्टर, सगळ्यांना. मोठ्या डॉक्टरने "तो पेशंट माझ्या डोक्यातून जात नाही" असं सगळ्यांसमोर म्हटलं की ज्युनियर नर्सचा श्वास मोकळा होतो. त्यासाठी तो मोठा डॉक्टर यायला मात्र हवा, आणि खरी अडचण तिथे आहे.

मुसाफिर

डॉक्टर साहेब, चांगलं आहे. पण आमच्या गाडीत मिनिटभर कोण थांबणार? तुम्ही जो मिनिट थांबता त्यावेळी आम्ही पार्किंगमधून गाडी काढत असतो, कारण मागे दुसरी उभी असते. आणि सगळ्यांना बोलावतात म्हणता, त्या सगळ्यांत ड्रायव्हर कधी धरतात?

कवडसा

धरत नाहीत. तुमचं बरोबर आहे, आणि दोन_तीर यांचंही तेच म्हणणं होतं. माझ्या वॉर्डातल्या बैठकीला दुभाष्यांना आजवर बोलावलेलं नाही. पुढच्या वेळी त्यांच्या ऑफिसला निरोप जाईल. ॲम्ब्युलन्सचं माझ्या हातात नाही, तरी आमच्या इमर्जन्सीच्या प्रमुखांशी बोलतो. निदान पेशंट सोपवून सही झाल्यावर तुमच्या माणसांनी "पुढे काय झालं" विचारलं तर सांगायचं, इतकं तरी होऊ शकतं.

दोन_तीर

कवडसा, मला वेगळी बैठक नको. भेटीआधी दोन मिनिटं द्या. आत काय सांगायचंय हे मला आधी सांगा. अजूनही बहुतेक वेळा मला ती बातमी पेशंटबरोबरच, त्याच क्षणी कळते आणि पुढच्या क्षणाला ती मला बोलायची असते. आधी कळलं तर माझा आवाज मला सांभाळता येईल, आणि तो पेशंटसाठीही बरा.

कवडसा

लिहून घेतलं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

निशिगंध

उत्तर द्यायला उशीर झाला, सलग नाइट होत्या.

इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. मिनिटभर थांबण्याला त्यांची हरकत नाही. म्हणाल्या, तुम्ही सुरू करा, मी डॉक्टरांना सांगते. फोनचं ठरलं ते असं की पेशंट गेला की बेडचा फोन बेडसाइडच्या नर्सने घ्यायचा नाही, डेस्कवरच्या माणसाने घ्यायचा आणि "बेड तयार झाला की आम्ही कळवतो" एवढंच सांगायचं. दिवसा हे चाललं. रात्री नाही. रात्री डेस्कवर कुणी नसतं, दोघी मिळून सगळे बेड बघतो, एक जण मृत पेशंटजवळ असली तर दुसरीला बाकीचे मॉनिटर सोडता येत नाहीत. तेव्हा फोन वाजतो आणि मीच उचलते. कवडसा यांनी सुरुवातीला ड्युटीच्या तक्त्याबद्दल लिहिलं होतं ते या ठिकाणी तंतोतंत लागू आहे. रात्री एक माणूस वाढवून द्या असं लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही.

बधिरपणाबद्दल, समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

रानफूल दादा, एक विचारायचं राहिलं. नातेवाइकांना आत सोडण्याआधी तुम्ही त्यांना काय सांगता? आमच्याकडे नव्या मुली पटकन पडदा सरकवतात आणि माणसं कोसळतात. मला ते त्यांना शिकवायचंय.

रानफूल

मी आधी बाहेर जातो, दारातून हाक मारत नाही. तुम्ही त्यांचे कोण, विचारतो. मग जे दिसणार ते सांगतो. अंग गार लागेल. रंग उतरलेला असेल, ओठ थोडे निळसर दिसतील. कपाळावर जखम आहे, तिथे पट्टी लावली आहे. तोंड थोडं उघडं आहे, ते दुखण्यामुळे नाही. एवढं सांगून थांबतो, म्हणजे ते विचारू शकतात. "झोपल्यासारखे दिसतायत" असं म्हणत नाही, कारण तसे दिसत नाहीत आणि लोकांना ते लगेच कळतं.

मग विचारतो, एकटं जायचंय की मी येऊ बरोबर. काही जण म्हणतात, तुम्ही या. तर मी आत जाऊन पायाशी उभा राहतो, डोक्याकडची बाजू त्यांना मोकळी ठेवतो. खुर्ची आधीच ठेवलेली असते. हात धरलेला चालतो हेही सांगावं लागतं, नाहीतर परवानगी नाही असं समजून लोक लांबच उभे राहतात.

नव्या मुलींना म्हणावं, पडदा सरकवायच्या आधी एवढं बोलायला दोन मिनिटंही लागत नाहीत.